खलबत्ता टांगलेला स्टिअरिंग बॉक्स

मित्रांनो, मी एक जुना स्टिअरिंग बॉक्स आहे. दिल्लीतल्या कोपर्निकस मार्गावरच्या या जुन्या सदनात, तुमच्या सुट्टीच्या शिबिरात, मला टेबलावर पांढरी चादर घालून बसवले आहे. माझ्या एका कुशीला वीतभर खिडकी कापलेली आहे. तिच्यातून माझे पोट तुम्हाला दिसेल. पोटात काय आहे ते मी सांगणारच आहे, पण मनात काय आहे ते आधी सांगतो, कारण ते कापून दाखवता येत नाही. मी मत्सरी आहे. आयुष्यभर मी कोणाचा ना कोणाचा हेवा केला, आणि आज सकाळी त्या हेव्याने मला असे काही दाखवले की तुमच्यासमोर कबुली दिल्यावाचून राहवत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात, ओतीव लोखंडातून झाला. तिथून मी एका सरकारी जीपमध्ये बसलो. जीप म्हणजे जड जनावर. तिची पुढची चाके नुसत्या मनगटाने वळवू म्हटले तर पैलवानालाही घाम फुटेल. म्हणून माणसाचा हात आणि टायर यांच्या मध्ये मी असतो. तुम्ही चाक फिरवले की माझ्या पोटातला पोलादी दांडा फिरतो. त्या दांड्यावर मळसूत्र कोरलेले आहे, स्क्रूवर असतात तसेच आटे. त्या आट्यांवर एक जाडजूड नट बसवला आहे. दांडा फिरला की नट वर किंवा खाली सरकतो. नटाच्या बाहेरच्या अंगाला दाते आहेत, ते दात्यांच्या एका पंख्याला ढकलतात, पंखा झुलतो, त्याच्या टोकाची दांडी झुलते, आणि ती सळयांच्या मार्फत टायर वळवते. हातातले चाक सुमारे वीस अंश फिरवावे, तेव्हा टायर एक अंश वळतो. घाटातला रस्ता नागमोडी काढला की तो लांबतो, पण चढ सोपा होतो. माझा हिशेब तोच.

आता माझा खरा अलंकार पाहा. नट आणि दांडा एकमेकांवर घासत नाहीत. त्यांच्या मधल्या खोबणीत पोलादी गोळ्यांची रांग आहे. दांडा फिरला की गोळ्या लोळत पुढे जातात, शेवटाला पोचल्या की एका वाकड्या नळीतून परत सुरुवातीला येतात. कॅनॉट प्लेसच्या आतल्या वर्तुळात फिरणाऱ्या गाड्यांसारख्या त्या आहेत. त्यांना शेवटचा थांबा नाही. घासण्याच्या जागी लोळणे आले, म्हणून माझी झीज कमी आणि ताकद मोठी.

या ताकदीवर भाळलेला पहिला माणूस म्हणजे विनायकराव. पुण्याच्या तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन ते दिल्लीला केंद्र सरकारच्या एका खात्यात वाहनदुरुस्ती विभागात आले. काम करताना त्यांची एक पद्धत असे. कोणताही भाग उघडण्याआधी ते जमिनीवर वर्तमानपत्र पसरत, त्यावर खडूने चौकोन आखत, आणि निघालेला प्रत्येक तुकडा ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने चौकोनात ठेवत. मला त्यांनी चौदा वेळा उघडले, आणि एकदाही माझी वॉशर हरवली नाही. पुढे खात्याने ती जीप लिलावात काढली, तेव्हा त्यांनीच ती घेतली आणि मुनिरक्याच्या आपल्या फ्लॅटखाली उभी केली.

तिथे माझा हेवा सुरू झाला. शेजारी एक छोटी लाल गाडी उभी असे. तिच्यात माझ्यासारखा बॉक्सच नव्हता! चाकाच्या दांड्याच्या टोकाला एक लहानसे दंतचक्र, आणि त्याखाली आडवी दातेरी पट्टी. चक्र डावीकडे फिरले की पट्टी एका बाजूला सरकते, उजवीकडे फिरले की दुसऱ्या. पट्टीची दोन टोके थेट दोन टायरांना जोडलेली. संपले. ना नट, ना पंखा, ना गोळ्या. भाग कमी, वजन कमी, आणि हाताला उत्तर लगेच. माझ्यात मात्र मधोमध थोडी ढिलाई असते. चाक बोटभर हलले तरी टायर झोपलेलाच. मी स्वतःशी म्हणे, "एवढीशी पट्टी! खड्ड्यात गेली की प्रत्येक दणका थेट चालवणाऱ्याच्या हातात." ते खरेही होते. पण खरे बोलतानासुद्धा माझा सूर आंबट होता.

मग वरच्या मजल्यावरच्या विजयालक्ष्मीबाईंची मोठी गाडी आली. त्या एका मंत्रालयात अधिकारी होत्या. त्यांच्या गाडीतही दातेरी पट्टीच होती, पण तिच्या मदतीला तेल होते. इंजिनाच्या पट्ट्यावर एक पंप फिरे, तो तेलाला दाब देई. हात ज्या बाजूला चाक पिळेल त्या बाजूला एक झडप तेल सोडी, आणि ते तेल पट्टीला ढकलण्यात हातभार लावी. बाई एका हाताने गाडी मागे घेत आणि दुसऱ्या हाताने आमच्या कुमुदवहिनींना, म्हणजे विनायकरावांच्या पत्नींना, टाटा करत. विनायकरावांना मात्र जीप लावताना दोन्ही खांदे घालावे लागत. कुमुदवहिनी वरून म्हणत, "अहो, गाडी लावताय की विहिरीतून पाणी शेंदताय?" मला ते झोंबे. पुढे बाईंच्या गाडीचे तेल गळू लागले, जमिनीवर लाल डाग पडू लागले, चाक शेवटपर्यंत वळवले की पंप मांजरासारखा ओरडू लागला. मला आनंद झाला. लपवत नाही, झाला.

पण काळाने मलाच बाजूला केले. दिल्लीत नवा नियम आला, आता पंधरा वर्षांपुढची पेट्रोल गाडी रस्त्यावर चालू देत नाहीत. जीप मोडीत गेली. ती ओढून नेण्याआधी विनायकराव पाना घेऊन खाली उतरले, वर्तमानपत्र पसरले, चौकोन आखले, आणि मला चाकासकट काढून घेतले. गॅलरीत सागवानी घडवंचीवर त्यांनी मला बसवले, करवतीने कुशीला खिडकी पाडली, वर काचेसारख्या प्लास्टिकचे झाकण घातले. त्या खटपटीत माझी एक गोळी निसटून दुसऱ्या मजल्यावरून खाली गेली. तिच्यासाठी विनायकराव मेट्रोने करोल बागेत गेले. दुकानदाराने मूठभर गोळ्या पुढे केल्या आणि म्हणाला, "कोई भी डाल दो अंकल, शोपीस ही तो है।" विनायकरावांनी खिशातून मायक्रोमीटर काढला आणि काउंटरवर उभ्याउभ्या एकोणतीस गोळ्यांची जाडी मोजली. तिसावी जुळली. "एक गोळी जाड झाली तर सगळं वजन तिच्या एकटीवर येतं," ते घरी सांगत होते. शोपीसवर एवढी माया कोण करतो, सांगा!

ही सारी खटपट उत्तरेसाठी होती. उत्तरा म्हणजे त्यांची नात, आता बावीस वर्षांची. लहानपणी ती जीपमध्ये आजोबांच्या मांडीवर बसून माझे चाक धरी. गाडी शिकायची वेळ आली, तेव्हा आजोबा म्हणाले, "आधी हिच्या हाताला वजन कळू दे." आणि त्यांनी एक युक्ती केली. माझ्या चाकाच्या एका कडेला त्यांनी कापडी पिशवी बांधली आणि पिशवीत कुमुदवहिनींचा लोखंडी खलबत्ता घातला. उत्तरा चाक फिरवू लागली की ते हातावर तोललेली पिशवी एकदम सोडून देत. सगळे वजन अचानक हातावर येई.

"आजोबा, चीटिंग!" ती ओरडे.

"चीटिंग नाही, रस्ता आहे. घड्याळातल्या नऊ आणि तीनवर हात. झटका नको, ओढ. आणि थांबायचं नाही."

आतून वहिनी येत. "वेलदोडे कुटायला गेले तर ओट्यावर खल नाही न् बत्ता नाही! अहो, नातीला ड्रायव्हर करताय की पैलवान?"

"आजी, दोन मिनिटं, बिल्कुल दोन मिनिटं!"

मित्रांनो, त्या दोन मिनिटांवर मी दोन महिने जगलो. तिचे हात माझ्या चाकावर असत आणि माझ्या गोळ्या पुन्हा धावत.

मग नवी गाडी आली. विनायकरावांचा मुलगा सुधन्वा, उत्तरेचा बाबा, गुडगावला संगणकाच्या कंपनीत आहे. त्याने ती घेतली. चंदेरी, गुळगुळीत, आणि तिच्या पोटात माझा सर्वांत मोठा वैरी. तिथेही तीच दातेरी पट्टी, पण मदतीला तेल नव्हते, पंप नव्हता, पट्टा नव्हता. चाकाच्या दांड्यात एक बारीक कांडी असते. हाताने जोर लावला की ती केसभर पिळली जाते. किती पिळली, कोणत्या बाजूला, हे एक डोळा सतत मोजतो. मग छोटा संगणक ठरवतो, आणि विजेची मोटर तेवढाच धक्का देते. गाडी लावताना भरपूर, वेगात असताना थोडा. सुधन्वा एका बोटाने चाक फिरवून दाखवी आणि म्हणे, "बाबा, बघा. मक्खन!" एके दिवशी विनायकरावांनीही बसून पाहिले. त्या दिवशी वर आल्यावर त्यांनी खांदा चोळला नाही. ज्या खांद्याला मी चाळीस वर्षे शिणवले, त्याला त्या विजेच्या पोराने एका दुपारी जिंकले. उत्तराही खाली जाऊ लागली. माझी पिशवी रिकामी लोंबत राहिली, खलबत्ता ओट्यावर परतला, आणि वेलदोडे वेळेवर कुटले जाऊ लागले.

दसऱ्याला तर कहर झाला. दरवर्षी माझ्या चाकाला झेंडूचा हार असे. यंदा हार नव्या गाडीला गेला. माझ्यासाठी कुमुदवहिनींनी ताटलीत चार सुटी फुले दिली होती. उत्तरा ती घेऊन गॅलरीत आलीही, पण तिचा फोन वाजला. ताटली कठड्यावर राहिली. संध्याकाळपर्यंत फुले तिथेच सुकली, माझ्यापासून हातभर अंतरावर. खालून नव्या गाडीचा हार मला दिसत होता. तेव्हा मी मनात म्हणालो, "एकदा तुझी वीज जाऊ दे. भर रस्त्यात जाऊ दे. मग कळेल यांना, लोखंड काय असतं."

हे शब्द लक्षात ठेवा. मी आता विसरू शकत नाही.

आज सकाळी तुमच्या शिबिरासाठी मला न्यायचे ठरले. सुधन्वा कुरकुरला, "बाबा, हे पंचवीस किलो लोखंड कशाला यार? यूट्यूबवर मस्त ॲनिमेशन आहे, प्रोजेक्टर लावू."

"ॲनिमेशनला हात लावता येत नाही," विनायकराव म्हणाले.

"डिकीत जुनी सतरंजी घाला आधी," कुमुदवहिनी म्हणाल्या, "याचं तेल नव्या गाडीला लागायला नको." बघा, म्हणजे मीच अस्पृश्य! माझे चाक काढून वेगळे ठेवले, आणि मला वैऱ्याच्या पोटात, सतरंजीवर आडवे केले. शेजारी पाने-पकडींची पेटी आणि प्रात्यक्षिकासाठी खलबत्ता. माझ्या डोक्याशी एक भलामोठा काळा डबा होता. दिवाळीआधी सुधन्वाने करोल बागेतल्या कुठल्याशा फिटरकडून गाणी दणदणीत वाजावीत म्हणून तो बसवून घेतला होता. त्याची तार सीटखालून पार पुढे बॅटरीपर्यंत गेली होती. फिटर घाईत होता. बॅटरीचे टोक त्याने हातानेच फिरवून बसवले होते, पाना लावला नव्हता. हे आम्हाला नंतर कळले.

गाडी उत्तरा चालवत होती. परवाना मिळाल्यानंतर घरच्यांना घेऊन ती पहिल्यांदाच शहरात निघाली होती. शेजारी सुधन्वा, मागे विनायकराव आणि चिवड्याचा डबा मांडीवर घेतलेल्या कुमुदवहिनी. आफ्रिका ॲव्हेन्यूच्या उड्डाणपुलावरून आम्ही उतरत होतो. पुढे रस्ता डावीकडे वळतो आणि उजव्या अंगाला दुभाजकाचा कठडा येतो. उताराला पुलाचा एक सांधा आला, गाडी आदळली, मी सतरंजीवर उसळलो. गाणे मध्येच तुटले.

"अगंबाई, बंद पडलं," वहिनी म्हणाल्या.

आणि लगेच उत्तरेचा आवाज आला. "बाबा... स्टिअरिंग... वळत नाहीये."

विजेची मोटर झोपली होती. मी मागितले होते ते झाले होते, भर रस्त्यात, आणि चाकावर उत्तरा होती.

"लॉक झालं?" सुधन्वा ओरडला. "बंद कर! बंद करून चालू कर, रीसेट होईल!" संगणकवाल्यांचा तो वेद आहे, मित्रांनो. काहीही अडले की बंद करायचे आणि पुन्हा चालू करायचे. त्याचा हात किल्लीकडे गेला. पण किल्ली मागे फिरवून जागेवरून निघाली असती, तर चाकाला चोरी टाळणारे कुलूप बसले असते. आतापर्यंत जे नुसते जड होते ते खरोखर अडकले असते, आणि कठडा समोर होता.

"हात काढ, बाबा!" असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. "लॉक नाहीये. खलबत्ता आहे! नुसता खलबत्ता लावलाय!"

मागून विनायकराव एवढेच म्हणाले, "नऊ आणि तीन. ओढ. थांबू नकोस."

तिने ओढले. मी ते पाहिले नाही, मला ते जाणवले. गाडी डावीकडे झुकली, मी सतरंजीवरून घसरलो, माझी दांडी डिकीच्या भिंतीवर आपटून झुलली, आणि माझ्या पोटातल्या गोळ्या आपोआप धावू लागल्या. जणू तीच मला फिरवत होती. आणि माझ्याखाली, पत्र्याच्या पलीकडे, आणखी काहीतरी चालले होते. वैऱ्याचे संगणक, डोळा, मोटर सगळे गप्प होते. पण चाकापासून दंतचक्रापर्यंत एक साधा पोलादी दांडा सलग होता. तो पिळत होता, चक्र दात्यांना धरून होते, पट्टी इंचाइंचाने सरकत होती. मदत गेली होती, पण त्याने तिचा हात सोडला नव्हता. त्या क्षणी मी त्याला पहिल्यांदा वैरी म्हणून पुकारले नाही. मी मनात ओरडलो, "धर! भाऊ, धरून ठेव!"

कठडा उजवीकडून निघून गेला. उत्तरेने हळूहळू ब्रेक लावत गाडी डाव्या कडेला आणली. मागून हॉर्नचा गदारोळ झाला, कोणी हिंदीत उद्धारही केला. चिवडा सगळ्या सीटवर सांडला होता.

"तुझे हात बघू," कुमुदवहिनी म्हणाल्या. उत्तरेने वळून हात मागे केले. वहिनींनी ते आपल्या पदरात घेतले आणि नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "खलबत्ता आता गॅलरीतच ठेवा. मी दुसरा आणते."

विनायकरावांनी डिकी उघडली, माझ्या शेजारच्या पेटीतला दहा नंबरचा पाना घेतला, बॉनेटखाली वाकले. बॅटरीचे निगेटिव्ह टोक बोटाने गरगर फिरत होते. तेवढ्यानेच विजेला झोके बसले होते, आणि मोटरीने काम टाकले होते. त्यांनी ते आवळले. गाडी चालू केली, आणि मोटर जागी झाली.

"बघा," सुधन्वा पुसट हसत म्हणाला, "शेवटी रीस्टार्ट केल्यावरच सुरू झालं ना?"

"उभ्या गाडीत हजारदा कर," विनायकराव म्हणाले. "पळत्या गाडीत किल्लीला हात लावलास तर कान धरीन." पन्नाशीचा सुधन्वा सीटवरचा चिवडा गोळा करू लागला. जरा वेळाने म्हणाला, "बाबा, मलाही शिकवा ते. खलबत्त्याचं."

म्हणूनच तुमच्या रांगेत सगळ्यांत पुढे तो उभा होता. तुम्ही हसलात, पण त्याने चाक धरले, आजोबांनी पिशवी सोडली, आणि त्याचा चेहरा कसा झाला ते तुम्ही पाहिलेत. त्यानंतर तुमच्यातल्या देविकेने माझ्या मनातलाच प्रश्न विचारला. "आजोबा, म्हणजे हा जुनावाला नव्यापेक्षा अच्छा आहे?"

माझ्या गोळ्या जागच्या जागी थांबल्या. साऱ्या आयुष्याचा निकाल त्या उत्तरात होता.

"नाही गं," विनायकराव म्हणाले. "नवाच चांगला. याने माझा खांदा कायमचा धरला. पुढे तर म्हणे मधला दांडाही नसेल, नुसत्या तारा असतील. तेव्हा प्रत्येक तारेला जोडीदार ठेवावा लागेल, एक गेली तर दुसरी हवी. पण आज उत्तरेचे हात घाबरले नाहीत, ते याच्यामुळे."

मित्रांनो, विनायकरावांच्या बोलण्याच्या पहिल्या अर्ध्याने मी दुखावलो. दुसरा अर्धा मी जन्मभर जपणार आहे. मत्सर एका सकाळीत जात नाही. पुढच्या दसऱ्याला कोणाचा हार मोठा आहे हे मी पाहीनच. पण आता कोणाची वीज जावी असे म्हणणार नाही. ज्याचे वाईट चिंतावे त्याच्याच गाडीत आपले माणूस बसलेले असते, हे मी डिकीत पडून शिकलो.

तुम्ही मोठे व्हाल, एका बोटाने वळणाऱ्या गाड्या चालवाल. जरूर चालवा. उभ्या गाडीत उगीच चाक पिळू नका. तेलाची गाडी असेल तर तेल पाहा, विजेची असेल तर तारेच्या टोकाला पाना लागला आहे ना ते पाहा. आणि जे आपोआप होते, ते आपोआप होईनासे झाले तर किती जड असते, हे एकदा आपल्या हाताला कळू द्या.

पिशवी बांधलेली आहे. खलबत्ता आत आहे. या, पुढचा हात कोणाचा?